तीनशे चाळीसवरचा केआर

३० नोव्हेंबर. वारा ईशान्येकडून, हलका. आकाश अर्धं ढगाळ. ओहोटी. उन्हात बसलं तर स्वेटर काढावासा वाटेल इतपत ऊब.

मोंजीच्या वहीत आजचं पान असं सुरू होतं, म्हणून मीही तिथूनच सुरू करतो. मी एक रिसीव्हर आहे. बोटभर लांबीचा, काळ्या प्लॅस्टिकचा, एका टोकाला लॅपटॉपमध्ये खुपसायचा दात आणि दुसऱ्या टोकाला तारेसाठी भोक. माझ्यासारखे हजारो एकाच दिवशी एकाच पट्ट्यावरून उतरले. खोक्यावर आमच्या टीव्हीचं चित्र होतं. चित्रात एक बाई हसत होती.

रादियानं मला समुद्रापलीकडच्या स्फाक्स शहराच्या बाजारातून आणलं. तिला तुर्की मालिका बघायच्या होत्या. विकणारा म्हणाला, "बाई, हा लावा, आकाशातलं सगळं दिसेल." केर्केनाच्या बेटावर येईपर्यंत फेरीबोटीत मी तिच्या पिशवीत कांद्यांच्या शेजारी होतो. घरी लावून पाहिलं तर एकही चॅनल दिसला नाही. ती म्हणाली, "आकाशात काही नाहीच वाटतं." मग मी दोन वर्षं बटणांच्या आणि दोऱ्यांच्या खणात पडून राहिलो.

मला बाहेर काढलं ते तिच्या नवऱ्यानं. मोंजी वीज मंडळात मीटर वाचायचा. बेटावरच्या प्रत्येक घराच्या दाराशी तो कधी ना कधी वही घेऊन उभा राहिलेला आहे. रेडिओ तो स्वतःचा स्वतःच शिकला. त्याला गाणी-बातम्या नको असतात. त्याला अगदी खालच्या, लांब लहरींवरचे आवाज हवे असतात: विमानतळांचे आणि बेटांचे दिशादर्शक, जे रात्रंदिवस आपली दोन-तीन अक्षरं मोर्सच्या टिपांत म्हणत राहतात. त्याचा जुना मोठा रेडिओ समुद्राच्या हवेनं आतून हिरवा पडला, तेव्हा त्याला माझी आठवण झाली.

मी टीव्हीसाठी जन्मलेला. इतक्या खालचं मला मुळात ऐकू येत नव्हतं. मोंजीनं माझं कवच उघडलं, डोळ्याला भिंग लावलं आणि चिपच्या एका पायाला केसाएवढी तार डाग देऊन जोडली. तिसऱ्या प्रयत्नाला जमली. पहिल्या दोन वेळचे डाग अजून माझ्या अंगावर आहेत. अंगणातल्या चार खजुरीच्या झाडांवरून साठ मीटर तार नेली आणि जमिनीची तार, म्हणजे अर्थिंगची, थेट समुद्रात, उथळ पाण्यात झावळ्यांचं मासे धरायचं कुंपण रोवलेलं आहे, त्याच्या पहिल्या खांबाला बांधली. खाऱ्या पाण्यासारखी जमीन दुसरी नाही, असं तो म्हणतो.

ते कुंपण त्याच्या थोरल्या बहिणीचं, दलेंदाचं. ती शेजारीच राहते. मधे फक्त एक अंगण.

"मीटरवाल्या," ती म्हणाली होती, "तुझं तांबं माझ्या पाण्यात सोडलंस. ऑक्टोपस यायचे बंद झाले तर तुझ्या दारात येऊन बसेन."

"बस की. चहा देईन."

"तुझा चहा? तो तर ऑक्टोपससुद्धा पिणार नाही."

त्या काळात या घरात असं बोलणं असायचं.

मला ऐकू आलेला पहिला दिशादर्शक केआर. समुद्रापलीकडच्या एका लहान बेटावरचा, तीनशे चाळीस किलोहर्ट्झवर. लांब, आखूड, लांब. मग आखूड, लांब, आखूड. दर दहा सेकंदांनी. लॅपटॉपच्या पडद्यावर आवाजांचा धबधबा वरून खाली सरकत असतो, त्यात केआर म्हणजे एक बारीक पांढरी रेघ. मोंजी तो जुन्या रेडिओवरही ऐकायचा, रोज, यंत्र बरं आहे ना हे बघायला. त्यामुळे रादियालाही तो पाठ झाला होता. जेवायला बोलवायचं झालं की ती स्वयंपाकघरातून हाक मारत नसे. कुसकुसच्या पातेल्याच्या काठावर डाव वाजवायची. लांबसाठी डाव काठावरून ओढायची, आखूडसाठी नुसती टक.

गेल्या डिसेंबरात तिला फेरीबोटीनं स्फाक्सला नेलं आणि फेरीबोटीनं परत आणलं.

त्या दिवशीचं वहीतलं पान असं आहे: "वारा नाही. पाऊस नाही. ऐकणे नाही." त्यानंतरची चाळीस पानं थोड्याफार फरकानं तशीच आहेत. मी लॅपटॉपला लावलेलाच होतो. काढायचं कुणाला सुचलं नाही.

मागे राहिलेल्या वस्तूंत तिचा मोबाईल होता. त्याला बोटानं नक्षी काढून उघडायचं कुलूप होतं आणि ती नक्षी मोंजीला ठाऊक नव्हती. रोज पहाटे पाच चाळीसला त्याचा गजर वाजतो. मोंजीच्या रक्तदाबाच्या गोळीसाठी तिनं लावलेला. मोंजी तो बंद करत नाही. वाजून वाजून आपोआप थांबेपर्यंत बसून राहतो, मग गोळी घेतो. मोबाईलची बॅटरी फुगली होती. तार काढली की मिनिटभरही टिकत नव्हता. बेटावरच्याच रेम्ला गावातल्या दुरुस्तीवाल्यानं हातात घेऊन पाहिलं आणि परत दिला. "हात लावत नाही, काका. चालू आहे तोवर चालू आहे. एकदा बंद झाला की झाला."

बेटावर वीज जाते, म्हणून मोंजीनं स्फाक्सहून एक यूपीएस आणला, जुना, कुणा दुकानातून काढून टाकलेला. आतल्या खोलीत तिच्या कपाटाशेजारी तो ठेवला, त्यात एक स्वस्तातला चार्जर लावला आणि चार्जरला मोबाईल. दार ओढून घेतलं. हे फेब्रुवारीत.

मार्चमध्ये तो परत माझ्यासमोर बसला. केआर नव्हता.

केआरच्या जागी पडद्यावर पिवळ्या रेघा होत्या, कंगव्याच्या दातांसारख्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला त्या कुठून येतात ते पहिल्या दिवसापासून कळत होतं. इतका जवळचा आवाज दुसऱ्या घरातून येत नाही. पण मला ऐकता येतं, सांगता येत नाही. मी फक्त रेघा काढत राहिलो.

मोंजी सावकाश काम करणारा माणूस. त्यानं सगळ्यांनी करावं तेच केलं. घराचा मेन स्विच पाडला आणि लॅपटॉपच्या बॅटरीवर मला ऐकलं. रेघा तशाच. त्यानं वहीत लिहिलं: "मेन बंद. गोंगाट कायम. उगम घराबाहेर." आयुष्यभर मीटर वाचलेला माणूस, मेन पाडला म्हणजे घरात वीज नाही, हे त्याच्या हाडात बसलेलं. आतल्या खोलीतला, स्वतःच्या बॅटरीवर चालत राहणारा यूपीएस त्याच्या हिशेबातच नव्हता. तो त्याला वीज वापरणारं यंत्र वाटतच नव्हता.

एकदा लॅपटॉप उचलून किनाऱ्यावर नेला. छोट्या तारेवर काहीच आलं नाही. साठ मीटर तार आणि समुद्राची जमीन दोन्ही इथेच बांधलेली.

रोज पाच चाळीसला, मोबाईलचा पडदा उजळला की, रेघा जरा जाड व्हायच्या. मोंजीलाही ते दिसलं. त्यानं लिहिलं: "०५:४०. गोंगाट वाढला. कारण: दलेंदाचा पाण्याचा पंप?" पुढच्या आठवड्यात प्रश्नचिन्ह गेलं.

एप्रिलमध्ये तो दलेंदाच्या अंगणात गेला. परत आला तेव्हा ती मागोमाग दारापर्यंत आली होती.

"माझा पंप? बारा वर्षं झाली पंपाला! तेव्हा तुझे कान कुठे गेले होते?"

"तेव्हा गोंगाट नव्हता."

"तेव्हा घरात बाई होती. ती गेली आणि तुला माझ्या पंपाचा आवाज यायला लागला. अल्ला तुला अक्कल देवो, मोंजी."

"मी मोजलंय. वहीत आहे."

"वहीशीच बोल मग."

तो वहीशीच बोलला. सात महिने. ईदला दलेंदानं गोडाची वाटी पाठवली, ती नातवाकरवी. मोंजीनं वाटी धुऊन त्याच्याच हाती परत केली. वहीत मात्र रोज तिच्या पंपाच्या वेळा होत्या.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्याच्यासारख्या ऐकणाऱ्यांच्या पत्रकात एक ओळ आली: केआर, तीनशे चाळीस, तीस नोव्हेंबरला दुपारी तीन वाजता कायमचा बंद. विमानांना आता त्याची गरज नाही. मोंजीनं ती ओळ वहीत उतरवून घेतली. त्या दिवशी तो जेवलाही नाही, पण ते वहीत नाही.

काल संध्याकाळी तो अंगण ओलांडून गेला. दलेंदा झावळ्या सोलत होती. खिडकी उघडी होती, म्हणून मला ऐकू आलं.

"उद्या दोन ते तीन तुझा मेन बंद करशील?"

दलेंदानं आणखी एक झावळी सोलली.

"काय ऐकायचंय?"

"केआर. उद्या बंद होतोय."

"कोण केआर?"

"रादिया डावानं वाजवायची ते."

झावळ्या थांबल्या. "दोनला बंद करते," ती म्हणाली. "फ्रीजमधला मासा खराब झाला तर तू खाशील."

आज दोन वाजता दोन्ही घरांचे मेन पडले. मोंजी माझ्यासमोर बसला, वही उघडी, घड्याळ शेजारी. मी रेघा काढल्या. पिवळ्या, दाट, नेहमीसारख्या. तो बघत राहिला. सव्वादोन. अडीच. चेहऱ्यावर काही नव्हतं. गेल्या अकरा महिन्यांत त्या चेहऱ्यावर फारसं काही मी पाहिलेलं नाही.

अडीचनंतर दलेंदा आत आली. हात ओले होते.

"बंद केलंय सगळं. पंप, फ्रीज, दिवे. बघून ये हवं तर. आता आला तुझा केआर?"

"नाही."

"मग माझा पंप नव्हता."

तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला. बारीक, तुटक. टीं. टीं.

"हे काय वाजतंय?" दलेंदा म्हणाली. "मेन बंद ना तुझा?"

"यूपीएस. त्याची बॅटरी संपत आली की वाजतो."

"कशासाठी आहे यूपीएस?"

मोंजीनं मान वळवून ओढलेल्या दाराकडे पाहिलं. मग पडद्याकडे. पुन्हा दाराकडे. त्यानं पेन उचललं, एप्रिलपर्यंत मागची पानं चाळली आणि पेन खाली ठेवलं.

"मोबाईल आहे तिचा," तो म्हणाला. "चार्जर. गोंगाट त्याचा आहे."

दलेंदाला सगळं नसेल कळलं, पण पुरेसं कळलं. तो गजर अंगणापलीकडून तीही रोज ऐकत होती. ती तडक मेनकडे गेली, हात स्विचवर ठेवला.

"लावू? यूपीएस मरेल नाही तर. मोबाईलही."

"लावलास तर गोंगाट राहील."

"मग माझ्याकडे नेते उचलून. पळत जाते, तिकडचा मेन लावते."

"मिनिटभर टिकत नाही तो. यूपीएससकट तुला उचलवणार नाही. मला वेळ नाही."

"तू सांग. लावू की नको?"

दोन चाळीस झाले होते. यूपीएस आता लवकर लवकर वाजत होता. माझं अंग तापलं होतं. लॅपटॉपची बॅटरीही उतरत होती.

"थांब," मोंजी म्हणाला.

"म्हणजे नको?"

"थांब, दलेंदा."

ती थांबली. हात स्विचवरच होता. आत एक लांब आवाज झाला, न तुटणारा, आणि मग तो संपला.

पडद्यावर वरून काळोख उतरू लागला. पिवळे दात जिथल्या तिथे कापले गेले. मार्चपासून मी इतकी शांतता ऐकली नव्हती. आणि तीनशे चाळीसवर, मधोमध, एक बारीक पांढरी रेघ.

मोंजीनं आवाज वाढवला.

लांब, आखूड, लांब. आखूड, लांब, आखूड.

दलेंदानं स्विचवरचा हात काढला. "अगं बाई," ती हळूच म्हणाली, "हे तर पातेलं."

ती खुर्ची न घेता खाली जमिनीवर बसली. मोंजी लिहीत नव्हता. दर दहा सेकंदांनी ती दोन अक्षरं येत होती आणि प्रत्येक वेळी दलेंदाचं बोट फरशीवर तेवढंच सरकत होतं आणि टेकत होतं. एकदा ती म्हणाली, "भूक लागली की नाही तुला?" तो म्हणाला, "लागलीय." तेवढंच.

तीनच्या ठोक्याला 'के' पुरा आला. 'आर' आला नाही. मग पांढरी रेघही थांबली.

दलेंदानं मेन लावला. फ्रीज घरघरला. आत यूपीएसचा दिवा लागला. पिवळे दात परत आले नाहीत, कारण चार्जरमधून वीज ओढणारा मोबाईल आता बंद पडला होता. मोंजी आत गेला आणि बराच वेळ आत राहिला. दलेंदा स्वयंपाकघरात गेली, तिनं कालचं कुसकुस गरम केलं.

माझ्याबद्दल थोडं. माझी तार जोडलेली तशीच आहे. डाग जुना झालाय, केव्हातरी सुटेल. मी स्वस्तातला आहे, माझ्यासारखा दुसरा सहज मिळेल. ज्यांच्याकडे माझ्यासारखा असेल, त्यांना एवढंच सांगायचं आहे: गोंगाट शोधायला शेजारी जाण्याआधी स्वतःच्या घरातली ओढून घेतलेली दारं एकदा उघडून बघा. मला ते बोलता आलं असतं तर मार्चमध्येच बोललो असतो.

रात्रीच्या जेवणाआधी मोंजीनं आजचं पान पुरं केलं. ते असं आहे:

"केआर, ३४०. ऐकले १४:४६ ते १५:००. स्पष्ट. गोंगाटाचा उगम: घरातला चार्जर. एप्रिलपासूनच्या पंपाच्या सर्व नोंदी चूक, खोडल्या. साक्षीदार: दलेंदा. मोबाईल १५:०४, १५:२० आणि १६:०० ला लावून पाहिला. सुरू झाला नाही."