दहा तिळांएवढं लोखंड

उरवड्याच्या वरच्या अंगाला धनगरांची पाच घरं होती. त्यातल्या बयाबाईचा नवरा धुळाजी दिवाळी सरताच मेंढरं घेऊन ताम्हिणीच्या घाटानं कोकणात उतरला. दर वर्षी तीही बरोबर जायची. यंदा मात्र तिला मागं राहावं लागलं. दोन वर्षांत दोनदा पोट पडलं होतं आणि चार पावलं चाललं की धाप लागायची. पौडच्या दवाखान्यातल्या नर्स लीलाबाईंनी तिच्या रक्ताचा थेंब टीपकागदावर घेऊन तो छापील लाल पट्ट्यांशी ताडून पाहिला होता. "शंभरात पन्नास. सत्तर होईपर्यंत घाट उतरायचा नाही," असं सांगून त्यांनी रोजच्या दोन लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या.

आता माघ लागला होता. धुळाजीचा चुलता कुशाबातात्या कोकणातल्या तळावरून पीठ न्यायला पुन्हा वर आला होता. रक्त भरलं असलं तर उद्या तो तिला घेऊनच उतरणार होता. बयानं दोन लुगड्यांचं गाठोडं कालच बांधून ठेवलं होतं. दवाखान्याच्या वाटेवर कुशाबा पुढं आणि ती मागं, धाप लपवत.

लीलाबाईंनी कागद खिडकीपाशी धरला. बराच वेळ धरला.

"पंचावन्न. बयाबाई, गोळ्या घेतेस ना?"

"घेती की."

"दोन्ही?"

बया पदराचं टोक चाळवत राहिली. "एक मी घेती. एक साठवून तात्यांच्या हाती तिकडं धाडती. धनी दिसभर मेंढरांमागं चालत्यात. मी तर घरात बसून."

"अगं, त्याला तुझ्यापेक्षा कमी लागतं."

"बाप्याला कमी?" बयाला हे ऐकून हसूच आलं. "कायतरीच बाई."

"पाळीत रक्त जातं ते तुझं, त्याचं नाही. रोज त्याला सात तिळांच्या वजनाएवढं लोखंड पुरतं, तुला दहा तिळांएवढं लागतं. पोटुशी असलीस तर आणखी. आणि तू जेवतेस कधी? सगळ्यात शेवटी. पातेल्याच्या तळाशी काय उरतं, पाणीच ना?"

दाराशी बसलेला कुशाबा खाकरला. "त्या हिरव्या गोळ्या व्हय? त्या धुळाजीनं मेंढ्यांस्नी चारल्या, गुळात घालून. म्हनला, बयानं मेंढरांचं औषिद धाडलंय."

लीलाबाईंनी डोक्याला हात लावला.

"एकीला जरा हगवण लागली," कुशाबा म्हणाला, "बाकी झकास हायेत."

बया हसली. हसता हसता धाप लागली, तशी बाकाला धरून खाली बसली. दम परत यायला वेळ लागला. मग तिनं विचारलं, "मला अजून किती दिस?"

"नीट घेतल्यास तर दोन महिने. चहाबरोबर घेऊ नकोस, त्यानं गुण कमी होतो."

"दोन महिन्यांनी तर मेंढरं माघारी फिरायला लागत्याल."

लीलाबाईंनी गोळ्या मोजून पुडीत बांधल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुशाबानं घोड्यावर पीठ लादलं. बया त्याला ओढ्यापर्यंत पोचवायला गेली.

"तात्या, सांजचं जाळीचं वाघूर लावताना दुसरं टोक कोन धरतं?"

मेंढरं कोंडायची ती जाळी चार वर्षं त्या दोघांनीच लावली होती. एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला ती. अंधार पडत असायचा, मधे मेंढरांची गर्दी असायची. तो पलीकडून 'ताण' म्हणायचा आणि ती जाळी ताणून धरायची.

"कोनी नसलं तर झाडाला बांधतोय," कुशाबा म्हणाला. "काय सांगू त्याला?"

"सांगा, गोळ्या माज्यासाठीच व्हत्या."

"बास?"

"बास."

घोडं वळणाआड होईपर्यंत ती थांबली. नंतरही घुंगरू ऐकू येत होतं, तेवढं ऐकलं. मग घरी आली. सासू राजाबाई चुलीपाशी होती, घरात अजून कुणी जेवलं नव्हतं. बयानं परातीतली भाकरी घेतली, मेथीची भाजी वरूनच भरपूर वाढून घेतली आणि लाजत, भिंतीकडं तोंड करून, सगळ्यांच्या आधी जेवायला बसली.