रिंगेची वरची बाजू

सकाळच्या धावेत लिंडसे नोस्केच्या मोटरसायकलने निळा धूर सोडला आणि वेग भरला ताशी त्र्याण्णव मैल. शंभर गाठण्यासाठी तो अकरा वर्षं ऑस्ट्रेलियातल्या गेअर्डनर या सुकलेल्या खाऱ्या तळ्याच्या मिठावर, वेगाच्या स्पर्धेला येत होता. गेल्या वर्षी अठ्ठ्याण्णवपर्यंत पोचला होता. पुढच्या वर्षी यायचं नव्हतं. उजवा डोळा जवळजवळ गेला होता, आणि यंदाच्या तंदुरुस्तीच्या कागदावर सही करतानाच डॉक्टरने ही शेवटची असं बजावलं होतं. ट्रॅक दुपारी तीन वाजता बंद होणार होता. साडेअकरा वाजले होते.

शेजारच्या तंबूतून डल्सी फित्झनर उठून आली. वय एकाहत्तर, त्यातली चाळीस वर्षं टनुंडा गावच्या गॅरेजात ट्रॅक्टरची इंजिनं उघडण्यात गेलेली. स्वतःची धाव ती कालच उरकून बसली होती.

"काय रे, धूर करून माश्या हाकलायचं कंत्राट घेतलंस का?"

"पिस्टनच्या रिंगा गेल्या वाटतं. गेल्याच आठवड्यात नव्या घातल्यात."

"कोणी?"

"मीच."

"मग बरोबर आहे."

मिठावर तेलाचा थेंब सांडलेला इथे कुणी खपवून घेत नाही. डल्सीने गाडीखालच्या ताडपत्रीच्या कडा वर दुमडल्या आणि गुडघे टेकले. पाऊण तासात हेड निघालं, सिलिंडर वर सरकला, पिस्टन उघडा झाला. तिने वरची रिंग काढली, मग दुसरी. दुसरी पुसून उजेडात धरली.

"लिंडसे, रिंगेवरचं हे अक्षर कुठल्या बाजूला असतं?"

"वरच्या."

"तुझं खाली होतं."

या रिंगेची कड किंचित उतरती असते. सुलटी बसली की ती तेल खाली खरवडते. उलटी बसली की तेच तेल वर ओढते आणि ते जळतं. अक्षर असतं मोहरीएवढं. तीस वर्षं इंजिनं बांधणारा माणूस ही चूक करत नाही. त्याला अक्षर दिसलंच नाही तर गोष्ट वेगळी. लिंडसेने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

राखीव संचातली नवी रिंग त्याने स्वतःच उचलली. दोन्ही अंगठ्यांनी तिच्या फटीचं तोंड फाकवलं, हवं त्यापेक्षा केसभर जास्त. टक् आवाज झाला. हातात दोन तुकडे राहिले.

"दुसरा संच?"

"एवढाच होता."

सगळ्यात जवळचं दुकान पाच तासांवर होतं. लिंडसे पेटीवर बसला. "संपलं, डल्सी. आवर."

डल्सीने आवरलं नाही. तिने काढलेली जुनी रिंग भिंगाखाली धरली आणि सावकाश पूर्ण फिरवली. एका कडेला बारीक चकचकीत रेघ होती, कुठेही न तुटलेली. बाकीचा पृष्ठभाग कारखान्यातून आला तसाच करडा.

"उलटी होती, पण घासली या कडेनेच. सुलटी घातली तरी घासणार हीच कड. सकाळभर तू तिला घासून बसवत होतास, फक्त डोक्यावर उभी करून."

"म्हणजे चालेल?"

"तुझ्यापेक्षा बरी चालेल."

तरी तिने ती रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून टोकांमधली फट मापली. माप बरोबर आलं. मग रिंग त्याच्यापुढे धरली.

"डोळे मीट आणि नख फिरव. अक्षर कोरलेलं असतं."

त्याने नख फिरवलं. अर्ध्या वाटेवर ते अडलं.

"लागलं."

"मग ती बाजू वर."

तिने रिंग हवी तेवढीच फाकवली आणि खाचेत उतरवली. वरची रिंग घातली. तोंडं एका रेषेत येऊ नयेत म्हणून एकेक वेगळ्या दिशेला वळवलं. रिंगा दाबून धरायला बिअरच्या डब्याची पट्टी कापून पिस्टनभोवती आवळली. लिंडसे वरून सिलिंडर खाली आणू लागला.

"ढकलू नकोस रे! तिला जाऊ दे."

एकेक रिंग आत गेली. आवाज झाला नाही. मिठावरच्या इतक्या वर्षांत असं काम मी बऱ्याच जणांना करताना पाहिलं आहे. कुठेतरी एकदा तरी शिवी ऐकू येते. डल्सीच्या हाताखाली ती आली नाही.

दोन पस्तीसला लिंडसे रेषेवरून सुटला. सगळे रेडिओला कान लावून होते. डल्सी दुर्बिणीतून फक्त त्याच्या सायलेन्सरकडे पाहत होती. धूर नव्हता. रेडिओवर आकडा आला: शंभर पूर्णांक सहा दशांश.

परत आल्यावर लिंडसे सरळ नोंदीच्या टेबलाकडे गेला.

"इंजिन कोणी बांधलं, तिथे माझं नाव आहे. त्याच्यापुढे डल्सीचं लिही."

डल्सी मागून ओरडली, "मला नको ओढूस त्यात! उलट्या रिंगा घालणाऱ्याबरोबर माझं नाव? टनुंडात तोंड कुठे दाखवू?"

"तू लिही गं," लिंडसे टेबलावरच्या बाईला म्हणाला. "आणि फित्झनरच्या स्पेलिंगमध्ये सुरुवातीला, एफच्या आधी, पी आहे. ऐकू येत नाही, पण असतो."