आक्काची अर्धी मात्रा

औषध लागू पडू लागले, अंगाला जरा बरे वाटू लागले, की उरलेल्या गोळ्या फडताळात ढकलून देण्याची सवय आपल्यापैकी कोणाला नाही? अशी अर्धी राहिलेली पाकिटे घरोघरी सापडतील. वाचकहो, सदर कथा अशाच एका अर्ध्या राहिलेल्या औषधाची आहे. फरक एवढाच, की ते माणसाचे नसून एका घोडीचे होते.

शहराबाहेरील एका मोठ्या तबेल्यात एक वयस्क मोतद्दार नोकरीस होता. खरारा करणे, चारापाणी पाहणे, लीद उचलणे, यांत त्याची एकतीस वर्षे गेली होती. लहानथोर त्यास काका म्हणत. तबेल्याच्या टोकाला त्याची खोली होती. खोलीत एक खाट, दोन खुंट्या आणि एक कप. दुसरा कप पत्नीच्या माघारी फुटला, तो त्याने पुन्हा आणला नाही. लेक दूरच्या गावी नांदत होती. रविवारी तिचा फोन येई.

"बाबा, जेवलात का?"

"जेवलो."

"तब्येत?"

"ठणठणीत."

एवढ्यावर दोघांचेही शब्द संपत.

त्याचे खरे बोलणे होई ते आक्काशी. आक्का म्हणजे चोवीस वर्षांची पांढुरकी घोडी. धावण्याचे दिवस सरल्यावर तिच्याकडे निराळेच काम आले होते. आईपासून नुकतीच तोडलेली शिंगरे सारखी खिंकाळतात, कुंपणावर अंग टाकतात; तेव्हा एखादी शांत, पोक्त घोडी त्यांच्यात सोडावी लागते. आक्का चरे तेथे शिंगरे चरत, आक्का थांबे तेथे तीही थांबत. काका कुंपणाशी उभा राहून तिला साऱ्या जगाच्या गोष्टी सांगे आणि आक्का त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकून ऐके.

परंतु दर तीन महिन्यांनी या स्नेहात विघ्न येई. त्या दिवशी सर्व घोड्यांना जंतांचे औषध द्यायचे असे. पिचकारीत भरलेले ते दाट औषध घोड्याच्या वजनाप्रमाणे मोजून, तोंडाच्या कोपऱ्यातून आत सोडायचे. आक्काला ती चव मुळीच खपत नसे. औषध घेतल्यावर ती दोन दिवस काकाकडे पाठ करून उभी राही. हाक मारली तरी कान हलवीत नसे. इतर मोतद्दार हसत, "काका, बाईसाहेब माहेरी गेल्या का?" काकाही हसे, पण ते दोन दिवस त्याला खायला उठत.

शेवटी त्याने युक्ती काढली. पिचकारीचा दांडा निम्मा दाबायचा आणि थांबायचे. अर्ध्या मात्रेवरचा रुसवा संध्याकाळपर्यंत निवळे. उरलेले औषध त्याला टाकवत नसे, म्हणून अर्ध्या पिचकाऱ्या तो खाटेखालच्या पत्र्याच्या डब्यात ठेवी. चार वर्षे हे असेच चालले होते.

त्या वर्षी दोन शिंगरांनी खाणे सोडले. केस राठ झाले, बरगड्या दिसू लागल्या, हगवण थांबेना. जंतांचे नेहमीचे औषध दिले, ते पाण्यासारखे वाया गेले!

योगायोग असा, की त्याच महिन्यात दुसऱ्या एका बंद पडलेल्या तबेल्यातून एक नवा मोतद्दार आपल्या तांबूस घोड्यासह तेथे रुजू झाला होता. झाले, सर्वांची बोटे त्याच्याकडे वळली. तबेल्याच्या व्यवस्थापकांनी तो घोडा पार टोकाच्या ठाणात बांधायला लावला. नव्या माणसाच्या बादलीला कोणी हात लावीना. त्याने राम राम घातला तर पुढचा माणूस मान वळवून निघून जाई. तो एकटाच भिंतीकडे तोंड करून जेवू लागला. काकाला ती पाठ दुरून दिसे, आणि का कोण जाणे, त्याला आक्काची आठवण होई.

शनिवारी गाडी बोलावून घोड्याला आणि माणसाला बाहेर काढायचे ठरले. मात्र घोड्यांच्या डॉक्टरांच्या आग्रहावरून त्याआधी सर्व घोड्यांच्या लिदीची तपासणी व्हायची होती. प्रयोगशाळेतून एक मध्यमवयीन बाई नमुने न्यायला आल्या. पिशव्या धरायला काका होता.

"बाई, हे दुर्बिणीतून बघायचं ना?" त्याने विचारले.

"सूक्ष्मदर्शकातून बघायचं, पण तेवढ्यानं भागत नाही काका. या जंतांच्या पुष्कळ जाती आहेत, आणि अंडी सगळ्यांची सारखीच दिसतात. वरवर बघून कोण कुठला, सांगता येत नाही."

"मग?"

"अंड्यांतून अळ्या वाढवायच्या आणि त्यांच्यातलं जनुक वाचायचं. आई-बापाकडून आलेलं ते आतलं लिखाण असतं. कोणती जात, ते त्यातून कळतं. जंत औषधाला दाद देईनासे झाले असतील, तर त्याचीही खूण तिथं असते."

"दाद का नाही देत?"

"पूर्ण मात्रा दिली तर बहुतेक सगळे मरतात. अर्धवट दिली तर नाजूक तेवढे मरतात, चिवट उरतात. मग पुढची सगळी प्रजा चिवटांचीच! लिदीवाटे ती गवतावर येते आणि मागून चरणाऱ्याच्या पोटात जाते. मोठं जनावर ते सोसतं, कोवळं आजारी पडतं."

काकाच्या हातातील पिशवी खाली पडली. आक्काच्या मागून कोण चरते, हे त्यास कोणी सांगावयास नको होते.

तरी तो गप्प राहिला. आक्काला शिंगरांपासून तोडतील, दूर बांधतील, आपल्यालाही तिच्याजवळ जाऊ देणार नाहीत, या भीतीने त्याच्या जिभेला कुलूप लागले.

शुक्रवारी दुपारी बाई अहवाल घेऊन आल्या. व्यवस्थापकांच्या खोलीत डॉक्टर, नवा मोतद्दार आणि काका उभे होते.

बाई म्हणाल्या, "शिंगरांत आणि आक्काच्या लिदीत जंतांच्या त्याच जाती आहेत आणि औषधाला न जुमानण्याची तीच खूण आहे. नव्या घोड्यात ती खूण नाही."

"अशक्य!" व्यवस्थापक उसळले. "आक्काला काका औषध देतात. त्यांनी दिलं म्हणजे दिलं. बाई, तुमचं यंत्र चुकेल, आमचे काका चुकायचे नाहीत. गाडी उद्या येणारच!"

नव्या मोतद्दाराने टोपी उचलली.

हाय रे दैवा! एकतीस वर्षांचा जो लौकिक काकाने जिवापाड जपला, तोच आता एका निरपराध माणसाला दाराबाहेर ढकलीत होता! काका तडक खोलीवर गेला आणि पत्र्याचा डबा आणून त्याने टेबलावर उपडा केला. सोळा अर्ध्या पिचकाऱ्या घरंगळल्या.

"साहेब, यंत्र बरोबर आहे. काका चुकले."

"पण का?" व्यवस्थापकांनी विचारले.

"पुरं औषध दिलं की ती दोन दिवस माझ्याकडे पाठ करते, साहेब. आणि मला बोलायला दुसरं कोणी नाही."

मग बाई हळू आवाजात म्हणाल्या, "काका, तुम्हाला वाटलं आपण तिचा त्रास वाचवतोय. तुम्ही स्वतःचे दोन दिवस वाचवलेत, आणि त्यांचा भार त्या पिल्लांवर पडला. पण आज बोललात म्हणून पिल्लं वाचतील. दुसऱ्या प्रकारचं औषध अजून चालतं. ते पूर्ण द्यायचं."

व्यवस्थापक खुर्चीवरून उठले आणि नव्या मोतद्दारासमोर उभे राहिले. "मी न बघताच तुम्हाला दोषी ठरवलं. गाडी रद्द," ते म्हणाले. एवढे बोलताना त्यांची मान खाली गेली होती.

त्याच सायंकाळी आक्काला वेगळ्या कुंपणात नेले. काकाने तिचे वजन घेतले, दांडा शेवटपर्यंत दाबला. आक्काने त्याच्याकडे एकवार पाहिले आणि पाठ फिरवली. कुंपणापलीकडे शिंगरे खिंकाळत होती. काका उलट्या बादलीवर बसून राहिला.

थोड्या वेळाने पावले वाजली. नवा मोतद्दार किटली घेऊन आला होता.

"तुझा मी अपराधी आहे," काका म्हणाला. "गप्प बसलो होतो."

"होय, बसला होतात," तो म्हणाला. "राग आहे मला. चहा घेणार का?"

"खोलीत एकच कप आहे रे."

"येताना दारातून दिसलं ते मला. माझा मी आणलाय." त्याने दुसरी बादली उलटी केली. "किती दिवस रुसते ही?"

"दोन."

"मग दोन दिवस मी येतो. पुढचं पुढं."

शिंगरे महिन्याभरात चरू लागली. आक्काचा तिसऱ्या दिवशी एक कान हलला.

वाचकहो, आपणही बाहेरून आलेल्या माणसाला तोंडावरून पारखतो आणि घरातल्याला लौकिकावरून सोडून देतो. तसे न करता आधी तपासावे, मग बोलावे. औषध असो वा सत्य, ते पूर्ण द्यावे; कारण निम्म्यावर थांबलो तर आतला रोग चिवट होतो आणि मागून येणाऱ्या लेकरांना तो भोगावा लागतो. आणि आपल्या आसपास कोणी भिंतीकडे तोंड करून जेवत असेल, तर आपला कप घेऊन त्याच्याकडे जावे. त्याने बोलावण्याची वाट पाहू नये.