चढावरचा ऑटो

वर्षाली वर्ध्याच्या एका दैनिकात फोटोग्राफर होती. मुलींची शाळा अर्ध्यावर सुटते या विषयावर तिनं आधीही फोटो काढले होते. ओसाड बसथांबा, दारात भांडी घासणारी पोरगी, असे. या खेपेला संपादकांनी सांगितलं, दुखणं पुष्कळ छापलं, आता त्यावर कोणी काय करतंय ते दाखव.

म्हणून ती सकाळीच बोरगाव मेघेहून निघून जाम गावापासून आत असलेल्या एका खेड्यात पोचली. तिथं बस येत नव्हती. आठवीनंतर मुली घरी बसत. शेवटी मुलींना शाळेत न्यायला बचत गटाच्या बायकांनी जुना ऑटो घेतला आणि गटातली जया तो चालवायला शिकली.

वर्षालीनं आल्याबरोबर जयाला ऑटोपुढं उभं केलं. फोटो पाहिला, तर थेट सत्कार समारंभातला वाटला. मग ती मुलींमध्ये दाटीवाटीनं बसूनच निघाली. आता कुठं चांगले फोटो मिळू लागले. नाल्याच्या चढावर ऑटो बंद पडला. मुली सवयीनं उतरून ढकलू लागल्या. वर्षालीनं तेही टिपलं.

जयाचा चेहरा उतरला. "हा फोटो नोको छापू ताई. मायबाप पोरींले पाठवनार नाईत."

धोका वर्षालीलाही कळत होता. पण नुसते हसरे चेहरे छापले तर सगळं ठीक आहे असं वाटून बसची मागणीच मागं पडेल, असं तिनं समजावलं. जयानं ऑटो पुन्हा सुरू केला. मुली शाळेत शिरल्यावर म्हणाली, "छाप. पन पोरी शाळेत चालल्या, तोई फोटो बाजूलेच लावजो."

दोन्ही फोटो शेजारी-शेजारी आले. तरी ढकलण्याचा फोटो पाहून गावातल्या रूपरावनं आपल्या मुलीला, नलूला, घरी ठेवलंच. जयानं फोन करून वर्षालीला हे कळवलं. ती कॅमेरा न घेताच गावात गेली आणि दोघी रूपरावच्या घरी बसल्या.

"रस्त्यात बंद पडला तं पोरींनं काय करावं?" त्यानं विचारलं.

"तुमीच चाला ना भाऊ उद्या," जया म्हणाली.

तो ऑटोतून गेला. चढावर उतरून त्यानंही ढकललं, आणि परतताना जामच्या ओळखीच्या मिस्त्रीकडं ऑटो दुरुस्तीला नेला. दुसऱ्या दिवसापासून नलू पुन्हा शाळेत जाऊ लागली.

बस अजून आलेली नाही. वर्षाली अधूनमधून चक्कर मारते, फोटो काढते, आणि बस आली नाही हेही दर वेळी छापते.