सुताराच्या अंगठ्यातली सूज

मी सूज बोलतेय. नाव ऐकूनच कपाळाला आठ्या पडल्या ना? पडू द्या. मला कुणी या-बसा म्हणत नाही, त्याची सवय आहे.

माझा जन्म एका सुताराच्या उजव्या अंगठ्यात झाला. रंधा मारताना लाकडाचा सुईसारखा तुकडा आत घुसला आणि मोडून तिथेच राहिला. जखमी मांसाने हाक दिली. जवळच्या रक्तवाहिन्या रुंदावल्या, त्यांच्यातून पाणी पाझरलं, पाठोपाठ पांढऱ्या पेशी जंतूंशी लढायला धावल्या. ती लाली, तो फुगवटा, तो ठणका म्हणजेच मी. ठणका मुद्दाम देते हो. हात जरा स्वस्थ राहावा म्हणून.

पण सुताराला कपाटाला पॉलिश करायचं होतं. पट्टी बांधली की तिचे धागे ओल्या पॉलिशला चिकटतात. म्हणून हे लोक जखमेवर लाकूड जोडायचा सरस लावतात. त्यानेही लावला. दार बंद, आणि सल आत.

बायको म्हणाली, "अहो, अंगठ्याचा नुसता टोमॅटो झालाय! डॉक्टरला दाखवा."

"मग तू चिरू नकोस म्हणजे झालं," तो हसला. ठणका थांबवायची गोळी गिळली आणि पुन्हा कामाला लागला.

गोळीने माझा आवाज बसला. आतलं काम मात्र थांबलं नव्हतं. मेलेल्या पेशींचा पू साचला, वर वाट नाही, मग तो शिरेच्या कडेकडेने तळहातात उतरला. खरं सांगते, फार दिवस अडकून पडले की मलाही आपलं-परकं कळत नाही. धडधाकट मांसही माझ्याच हातून जळालं. अंगठा काळा पडला. सुतार तापाने बडबडू लागला, तेव्हा कुठे बायकोने त्याला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी सरस खरवडला. मग म्हणाले, "अंगठा ठेवला तर हात जाईल. कदाचित तुम्हीही."

"अहो, रंधा कशाने धरू?" सुताराने विचारलं. डॉक्टरांनी अंगठा कापायच्या कागदावर बायकोची सही घेतली.

आता मी टाक्यांभोवती आहे. मोडतोड आवरतेय, नवं कातडं धरेपर्यंत राहीन. सुतार डाव्या हाताने चाचपतो आणि बायकोलाही हात लावायला सांगून विचारतो, "गरम लागतंय का गं?"

"थोडंसं. दुखतंय?"

"हो. पण गोळी नको. डॉक्टरांना विचारू आधी."

एवढंच हवं होतं मला. फार उशिरा मिळालं. बाबांनो, मला गप्प करायच्या आधी आत काय अडकलंय ते बघत जा.

काल त्याने पाण्याचा पेला उचलायला उजवा हात पुढे केला. बोटं मिटली. पेला होता तिथेच राहिला.