आभाळ राखलेलं काचघर

मी एक जुनं काचघर आहे, मित्रांनो, आणि गेल्या वर्षापर्यंत माझं डोकं प्लॅस्टिकचं होतं. इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्स गावात एका घराच्या मागच्या भिंतीला मला जोडलं, तेव्हा बाजूंना काचा बसवल्या आणि छपरावर स्वस्तातले पारदर्शक पत्रे. घराच्या मालकीणबाई हिल्डाआजींनी शेजारणींना बोलावून माझ्यात चहा-केक केला. त्या कौतुकानं मी अगदी फुगून गेलं होतं.

पण नव्याचे नऊ दिवस! उन्हाळ्यात मी भट्टी, हिवाळ्यात बर्फाची पेटी. पाऊस आला की पत्र्यांवर असा ताशा वाजे, की मुलीचा फोन आला तर आजी तो घेऊन जिन्याखाली पळत. मग माझ्यात कपडे वाळू लागले, बटाट्यांची पोती आली, पन्हळीत शेवाळ साचलं. मला फार वाईट वाटे. आजींचे यजमान सिरिलआजोबा मात्र रोज येऊन बसत. त्यांची शर्यतीची कबुतरं होती, दूर नेऊन सोडली की उडत घरी परतणारी. गुडघे दुखायला लागल्यापासून अंगणात उभं राहणं जमेना, म्हणून परतणारे पक्षी ते माझ्या छपरातून बघत.

शेवटी आजींनी छप्पर बदलायचं ठरवलं. शेजाऱ्यांसारखी पक्की कौलं!

"सिरिल, कौलं चालतील ना रे?"

"मला काय, तुला आवडेल ते."

या घरात कधी भांडण झालं नाही, कारण मनातलं कुणी बोललंच नाही. कौलं चढली की मला ऊब मिळणार होती, पण आजोबांचं आभाळ जाणार होतं.

शनिवारी गॅरेथ मिस्त्री कागद घेऊन आला. त्याच दिवशी फ्रान्समधून सोडलेली कबुतरं परतायची होती. सगळी आली, एक म्हातारी मादी तेवढी राहिली होती. आजोबांचा चहा कधीच गार झाला होता.

"सही करते हं," आजी म्हणाल्या.

"कर की." आजोबांची मान वरच. मग एकदम ते ओरडले, "आली! अगं, आली बघ! जरा तिरपी उडतेय, पण आली!"

आजींनी वर पाहिलं. "या मळक्या पत्र्यातून तुला दिसलं तरी कसं?"

"सवय आहे गं. आता मोडेल ती."

आजींनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे तू इथे आभाळ बघायला बसतोस? आणि कौलं आल्यावर कुठून बघणार होतास, धुराड्यातून?"

"तुला थंडी वाजते ना."

"मग स्वेटर घालीन! चौपन्न वर्षं संसार केला, तुझं तोंड आहे की टपालपेटीची फट?"

गॅरेथ खाकरला. "जाड दुहेरी काच घ्या की. ऊब राहते, पावसाचा आवाजही कमी होतो. कधीपासून सांगायचं म्हणतोय, पण तुम्ही कौलंच म्हणत होता."

"तूही त्यातलाच मेल्या!" आजी म्हणाल्या आणि तिघंही हसत सुटले. मी सुटकेचा केवढा मोठा श्वास सोडला म्हणून सांगू!

आता माझ्या डोक्यावर काच आहे. आजी माझ्यातच बसून मुलीशी फोनवर बोलतात, बाहेर पाऊस असला तरी.

मित्रांनो, वर्षातून दोनदा आमच्या पन्हळी साफ करा, आमचं दुसरं काही मागणं नाही. आणि घरात कुणी "मला काय, काहीही चालेल" म्हणालं, तर लगेच सही करू नका. क्षणभर त्याच्या शेजारी बसा आणि तो कुठे बघतोय ते बघा.