कार्डाच्या पाठीवरची टीप

चाळीस खण, चाळीस पितळी कड्या आणि एक किंचित आखूड पाय, एवढाच माझा ऐवज. मित्रांनो, मी एका ग्रंथालयातली जुनी कार्डपेटी आहे. माझी हकिगत फार मोठी नाही, पण तिच्यात एक जीव गेला आहे. म्हणून ती नीट ऐका.

मला एका अबोल सुताराने घडवले. प्रत्येक खण तो दहा वेळा आत-बाहेर करून पाही आणि जरा कुरकुरला की रंधा मारी. चौथा पाय मात्र त्याने घाईत कापला. त्याखाली आजही पुठ्ठ्याची घडी आहे.

मला जनावरांच्या इस्पितळात आणले. तिथे लांब बोळाच्या टोकाला एक ग्रंथालय होते. तिथली तीन हजार पुस्तके फक्त जनावरांच्या दुखण्यांविषयीची होती. पुस्तके फळ्यांवर राहत आणि त्यांची ओळखपत्रे माझ्यापाशी. एका पुस्तकाचे एक कार्ड. त्यावर नाव, लेखक, विषय आणि फळीचा क्रमांक असे.

कार्डे लिहीत त्या ग्रंथपालबाई. सगळे त्यांना नुसते 'बाई' म्हणत. त्यांनी पुस्तके लावण्याची पद्धत स्वतःच बसवली होती. 'कु' म्हणजे कुत्री, 'प' म्हणजे पक्षी, 'घो' म्हणजे घोडे. गाढवांची पुस्तकेही 'घो'मध्येच होती. मोठे डॉक्टर हसून म्हणत, "बाई, गाढवांना वेगळा खण द्या. आमच्या स्टाफची नावंही त्यातच बसतील."

पण बाईंची खरी कमाई कार्डांच्या पाठीवर होती. एखादा डॉक्टर पुस्तक परत करताना म्हणे, "यातला उपाय वासरांना लागू पडत नाही हं." बाई लगेच कार्ड काढून मागे लिहीत. दुसरा म्हणे, "हे चित्र उलटं छापलंय." तेही लिहीत. पुस्तकावर पेन टेकवायचा नाही, असा त्यांचा कडक नियम होता. डॉक्टर बाह्या वर सारून येत, ओल्या हातांनी माझा खण ओढत आणि कार्ड आधी उलटे करून पाहत. मला त्या ओल्या बोटांचा अभिमान वाटे.

बाईंच्या निवृत्तीला तीन महिने उरले असताना वरून हुकूम आला. सगळ्या लहान ग्रंथालयांनी पुस्तकांच्या नोंदी एकाच नव्या पद्धतीने करायच्या. म्हणजे कुठल्याही गावातल्या डॉक्टरला कुठलेही पुस्तक संगणकावर सापडेल. मित्रांनो, हुकूम चांगला होता. बाईंनाही तो पटला होता.

कामासाठी एक मुलगी आली. हुशार, चटपटीत, बोटे कशी पाण्यासारखी चालत. तिला सहा आठवडे मिळाले होते. ती कार्ड उचली, पुढची बाजू पाही, संगणकात भरी आणि ठेवून देई. बाई दोन दिवस बघत राहिल्या. तिसऱ्या दिवशी जवळ जाऊन म्हणाल्या, "पोरी, मागच्या बाजूचं कुठे लिहितेस?"

"टिपेसाठी एक चौकट आहे बाई. पण ती ऐच्छिक आहे."

"ऐच्छिक म्हणजे?"

"म्हणजे नाही भरली तरी नोंद पूर्ण धरतात."

बाई व्यवस्थापकांकडे गेल्या. ते म्हणाले, "बाई, आधी पुढचं तर होऊ द्या. मागचं मागाहून बघू." बाई परत आल्या, खुर्चीत बसल्या आणि चष्मा पुसत राहिल्या. पुन्हा काही बोलल्या नाहीत. भांडण हा त्यांचा स्वभावच नव्हता. काम वेळेत संपले, मुलीचे कौतुक झाले आणि बाई एक हार आणि एक घड्याळ घेऊन घरी गेल्या.

मग माझी पाळी आली. मला ओढत जिन्याखाली नेले. तीन खणांतली कार्डे रद्दीत गेली आणि त्यांच्या जागी पट्ट्या, स्क्रू आणि फुटके थर्मामीटर आले. बाकीच्या खणांना कोणी हात लावला नाही, तो केवळ आळसामुळे.

दोन वर्षे गेली. एका सकाळी एक गाडीवान आपली घोडी घेऊन आला. मान खाली घातलेली, पण पायांवर उभी. तिला क्वचित दिसणारा एक आजार झाला होता. मोठे डॉक्टर बाहेर गेले होते. पाळीवर नवा डॉक्टर होता, मन लावून काम करणारा. त्याने संगणकात शोधले. उत्तर क्षणात आले : निळे पुस्तक, सातवी फळी. नोंद स्वच्छ आणि बिनचूक होती. टिपेची चौकट रिकामी होती.

पुस्तक आणायला जाताना तो माझ्यासमोरून गेला. पुस्तक घेऊन येताना पुन्हा गेला. माझ्या 'घो'च्या खणात त्याच पुस्तकाचे कार्ड होते. पण मित्रांनो, लाकडाला हाक मारता येत नाही.

पुस्तकात औषधाची मात्रा छापली होती, पंचवीस मिली. "इतकी?" असे तो स्वतःशी पुटपुटला. पण छापील अक्षरावर माणसाचा विश्वास असतो. त्याने इंजेक्शन दिले. घोडी दुपारी गेली.

संध्याकाळी मोठे डॉक्टर परतले. पुस्तकाचे नाव ऐकताच त्यांचा चेहरा उतरला. "त्या पुस्तकाबद्दल बाईंनी काहीतरी लिहून ठेवलं होतं," असे म्हणत ते जिन्याखाली आले. मागोमाग नवा डॉक्टर आणि त्या कामानंतर इथेच नोकरीला राहिलेली ती मुलगीही आली. माझा खण दमट हवेने फुगला होता. तिघांनी ओढला तेव्हा उघडला. कार्डाच्या पाठीवर बाईंचे लाल शाईतले अक्षर होते : 'पान २१२ : मात्रा चुकीची छापली आहे. २५ नव्हे, २.५.'

नव्या डॉक्टरने कार्ड हातात घेऊन ते आकडे पुन्हा वाचले. एवढ्यात गाडीवान तिथे आला. त्याच्या खांद्यावर घोडीचा लगाम होता.

"काय सापडलं?" त्याने विचारले.

मुलगी पुढे झाली. "काका, पुस्तकात चूक होती. आणि ती चूक आमच्या इथे माहीत होती. मी ती पुढे उतरवून घेतली नाही."

गाडीवान ओरडला असता तर बरे झाले असते. तो एवढेच म्हणाला, "सकाळी स्वतःच्या पायांनी चालत आली होती हो ती." आणि लगाम सावरत निघून गेला.

दुसऱ्याच दिवशी मुलगी बाईंच्या घरी गेली. बाई आल्या. आता त्यांना जाड भिंगाचा चष्मा लागला होता. माझ्यासमोर दोन स्टुले मांडली गेली. मुलगी कार्ड उलटे करून वाची आणि टिपेच्या चौकटीत भरी. पुसट अक्षर आले की बाई ते ओळखून सांगत.

एकदा मुलगी म्हणाली, "बाई, तुम्ही तेव्हा मला रागावायला हवं होतं."

"हो गं," बाई म्हणाल्या. "आणि मी ते पुस्तकातही लिहायला हवं होतं. माझा नियम मला त्या जनावरापेक्षा मोठा वाटला."

सदतीस खण असे वाचले. मग कार्डे रद्दीत गेलेल्या त्या तीन खणांपाशी दोघी आल्या. ते पक्ष्यांचे आणि मेंढ्यांचे होते. बाई डोळे मिटून आठवत राहिल्या. एकोणीस टिपा आठवल्या. विसावी अर्धी आठवली आणि मग काहीच नाही. "जवळपास प्रत्येकावर काही ना काही होतं गं," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "काय होतं तेवढं आठवत नाही."

मग मुलीने टिपेत लिहिले : 'या पुस्तकाबद्दल एक सूचना असावी. ती आम्ही हरवली. मात्रा दुसरीकडे पडताळल्याशिवाय वापरू नये.'

व्यवस्थापकांनी ते वाचले. "असं कशाला लिहायचं? आपलीच अब्रू जाते."

"साहेब, खरं आहे ते," मुलगी म्हणाली आणि पुढच्या नोंदीकडे वळली.

मित्रांनो, नवे येऊ देऊ नका, असे मी कधीच म्हणणार नाही. संगणक माझ्यापेक्षा हजारपट चपळ आहे आणि त्याच्याशी माझे वैर नाही. तुम्हीही मोठेपणी कितीतरी जुन्या गोष्टी आवराल. तेव्हा हातातली वस्तू फेकण्याआधी एकदा उलटी करून पाहा. आणि जिने त्यावर लिहिले, ती समोर बसलेली असेतोवरच तिला विचारा.

पक्ष्यांची आणि मेंढ्यांची पुस्तके दोनशे अकरा होती. एकोणीस वगळून उरलेल्या प्रत्येक पुस्तकासाठी त्या मुलीने ते वाक्य नव्याने टाइप केले. एकदा लिहून सगळीकडे चिकटवता आले असते. तिने तसे केले नाही.